युद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या घरगुती कादंबऱ्या वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात १९४५ ते साधारण १९६० या काळातल्या ब्रिटिश कुटुंबांच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या, की तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या सुमारास निरोप यायला लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ते रास्तही असतात, कारण त्या लेखकांनी आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी लिहिलं होतं. शेजाऱ्याला शिलिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. म्हणून ही उत्तरं एका जागी. एकाच गोष्टीची फोड दोनदा नको, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. या कादंबऱ्यांत काही घडतच नाही. की माझ्याच लक्षात येत नाही?

घडतं, पण वस्तूंमधून घडतं. समजा, नणंद अचानक येते आणि भावजय तिच्यापुढे उकडलेलं अंडं ठेवते. आपण वाचून पुढे जातो. पण १९४७ साली ते अंडं घरातल्या कोणातरी एकाचं रेशनवर मिळालेलं आठवड्याचं अंडं असतं. भावजयीने स्वतःचं दिलं, की नवऱ्याचं, की धाकट्याचं, हे कळलं की पुढच्या पानावरची धुसफूस कुठून आली ते कळतं. तेव्हाच्या वाचकाला हे सांगायची गरज नव्हती, आपल्याला आहे. म्हणूनच खालच्या उत्तरांत वजनं, किमती आणि खोल्या यांचीच चर्चा जास्त आहे.

२. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

मी तीन नावं सांगते. मॉली पँटर-डाउन्स यांची ‘वन फाइन डे’ (१९४७) ही १९४६ च्या उन्हाळ्यातल्या एकाच दिवसाची गोष्ट. नवरा, बायको, शाळकरी मुलगी आणि नोकरमाणसं निघून गेल्यावर अंगावर आलेलं मोठं घर. बार्बरा पिम यांची ‘एक्सलंट विमेन’ (१९५२) ही लंडनमधल्या एका अविवाहित बाईची गोष्ट. वरच्या-खालच्या बिऱ्हाडांत न्हाणीघर सामाईक असण्यातून किती काय घडू शकतं ते तिच्यात दिसतं. आणि अँड्रिया लेव्ही यांची ‘स्मॉल आयलंड’ (२००४) पुष्कळ नंतर लिहिलेली, पण १९४८ च्या लंडनमधली. तिच्यात जमैकाहून आलेलं जोडपंही आहे आणि भारतात सैनिकी नोकरी करून परतलेला इंग्रज नवराही. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी हीच द्यायला घेते, कारण तिच्यात बाहेरून आलेल्या माणसाची नजर आहे आणि आपणही बाहेरचेच आहोत.

३. युद्ध १९४५ ला संपलं. मग १९५० च्या गोष्टीत रेशनकार्ड कसं काय?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. खाण्यापिण्याच्या वस्तूंचं रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि ४ जुलै १९५४ ला मांस खुलं झालं तेव्हा संपलं. म्हणजे साडेचौदा वर्षं, आणि त्यातली जवळजवळ नऊ वर्षं युद्धानंतरची.

काही बाबतींत तर शांततेच्या काळात हाल वाढले. पाव युद्धात एक दिवसही रेशनवर नव्हता. तो जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि जुलै १९४८ पर्यंत राहिला. त्याचं कारण देशाबाहेर होतं. जगभर गव्हाची टंचाई होती, आणि जर्मनीचा जो भाग ब्रिटनच्या ताब्यात होता तिथल्या लोकांनाही खायला घालायचं होतं. त्यात अमेरिकेने युद्धकाळातली ‘लेंड-लीज’ मदत ऑगस्ट १९४५ मध्ये एकदम थांबवली. ब्रिटनने ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं, त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला. डॉलर कमी, म्हणून बाहेरून आणायचं कमी आणि घरचं जमेल तेवढं निर्यात करायचं. कादंबरीतली आई पाव पातळ कापताना दिसते, त्याच्या मागे हा सगळा हिशेब असतो.

मुंबईतही १९४३ पासून रेशनिंग होतं, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांना यातलं बरंच सांगावं लागलं नसतं.

४. नेमकं किती मिळायचं?

आकडे सतत बदलत. पण युद्धकाळात माणशी आठवड्याला साधारण चहा २ औंस, लोणी २ औंस, चीज २ औंस, साखर ८ औंस, आणि अंडं एक, तेही आलं तर. नंतरही फार फरक पडला नाही.

औंसावरून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी एकदा हे सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिलं. २ औंस म्हणजे ५७ ग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या १०० ग्रॅमच्या बटरच्या वडीतला निम्म्याहून जरासा मोठा तुकडा. त्यावर एका माणसाने सात दिवस काढायचे. ५७ ग्रॅम चहा वाटीत ओतला तर वाटीचा तळ झाकून थोडा वर येतो. आपल्यासारखा उकळून केला तर तो चार दिवसांत संपेल. त्यांच्या पद्धतीने किटलीत भिजवून, तीच पत्ती दुसऱ्यांदा भिजवून, आठवडा जेमतेम निघतो. ती वाटी ओट्यावर ठेवून मी एक प्रकरण पुन्हा वाचलं. त्यात शेजारीण येते आणि चहा झालेला असूनही आणखी एक कप घेते. पहिल्या वाचनात हे वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं.

अंड्याऐवजी अंड्याची पूड मिळे. एका पाकिटात बारा अंड्यांइतकी. बायका तिचं ऑम्लेट करत आणि मुलं नाकं मुरडत.

५. खाटकाशी सगळ्याजणी इतकं गोड का बोलतात?

कारण मांसाचं रेशन वजनावर नव्हतं, किमतीवर होतं. ठरलेल्या पेन्सांत खाटीक कोणता तुकडा काढून देतो ते त्याच्या हातात. शिवाय कुटुंबाला एकाच दुकानात नाव नोंदवावं लागे, म्हणजे रागावून दुसरीकडे जायची सोय नाही. आणि सॉसेज, काळीज, मूत्रपिंड अशा गोष्टी रेशनबाहेर होत्या. त्या ज्याच्या-त्याच्या मर्जीतल्या गिऱ्हाइकांसाठी गल्ल्याखाली ठेवलेल्या असत. रांगेत पुढच्या बाईला कागदात गुंडाळलेलं काहीतरी हळूच मिळतं आणि मागच्या तिघी गप्प होतात, हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत तुम्हाला बऱ्याच पुस्तकांत भेटेल.

आणखी एक खूण लक्षात ठेवा: रेशन पुस्तकाचा रंग. मोठ्यांचं मळकट पिवळसर, शाळकरी मुलांचं निळं, आणि हिरवं फक्त गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना. त्यामुळे ज्या बाईच्या घरात लहान मूल नाही, तिने दुकानात हिरवं पुस्तक पुढे केलं की सगळ्या गल्लीला बातमी कळली. लेखिकेने ‘ती गरोदर होती’ असं कुठेही लिहिलेलं नसतं.

६. १७/६ असं लिहिलंय. हे किती पैसे?

सतरा शिलिंग सहा पेन्स. १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडात २४० पेन्स. २१ शिलिंगांची गिनी, तिचं नाणं कधीच चलनातून गेलं होतं, पण डॉक्टर, वकील आणि भारी शिंपी गिनीतच बिल करत. ‘बॉब’ म्हणजे शिलिंग, ‘टॅनर’ म्हणजे सहा पेन्स, ‘हाफ क्राउन’ म्हणजे अडीच शिलिंग. हे सगळं १५ फेब्रुवारी १९७१ ला बंद होऊन शंभर पेन्सांचा पौंड झाला.

आपल्या मापाने बघायचं तर एक रुपया म्हणजे दीड शिलिंग. हा दर १९६६ पर्यंत टिकला, म्हणजे पौंड सव्वातेरा रुपयांच्या किंचित वर. पण रुपयांत बदलून फारसं हाती लागत नाही. पगाराशी ताडून बघा. १९५१ च्या सुमारास कारखान्यातल्या पुरुष कामगाराची आठवड्याची सरासरी कमाई आठ पौंडांच्या आसपास होती. आठवड्याची हे महत्त्वाचं. पगार शुक्रवारी पाकिटातून मिळे, आणि नवरा ते पाकीट न फोडता बायकोच्या हातात देतो की आधी फोडून आपला वाटा काढतो, यावर त्या गल्लीत नवऱ्यांची किंमत ठरे.

७. मुलं दुपारी बारा वाजता ‘डिनर’ जेवतात आणि वडील संध्याकाळी सहाला ‘टी’ जेवतात. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. कामगार कुटुंबांत दुपारचं मुख्य जेवण म्हणजे डिनर आणि संध्याकाळी कामावरून आल्यावरचं पोटभर खाणं म्हणजे टी. त्यात मासे, सॉसेज, पाव, कधी थंड मांस, आणि सोबत चहा. वरच्या मध्यमवर्गात दुपारी लंच, चारला नुसता चहा-केक आणि रात्री आठला डिनर. पात्र ‘टीला ये’ म्हणालं, की ते कुठल्या घरातलं आहे ते त्या एका शब्दात कळतं. रुमालाला, संडासाला, सोफ्याला कोणता शब्द वापरता यावरूनही वर्ग कळे. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली यावर रीतसर निबंधच लिहिला.

मराठीत आणताना काय करायचं ते प्रश्न १७ मध्ये.

८. प्रत्येक पुस्तकात सोमवारी धुणं आणि सोमवारीच थंड मांस. का?

रविवारी सणासारखं जेवण असे आणि भट्टीत भाजलेला मांसाचा मोठा तुकडा केलेला असे. सोमवारी चूल धुण्याच्या पाण्यात गुंतलेली, म्हणून कालचंच मांस थंड कापून, उरलेल्या बटाटा-कोबीबरोबर.

धुणं म्हणजे पहाटे उठून तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली जाळ करायचा, कपडे उकळायचे, लाकडी दांड्याने घुसळायचे, दोन रुळांच्या यंत्रातून पिळायचे. मग पांढऱ्याला नीळ आणि कॉलरींना खळ. हे वाचताना मला परदेशातलं काही वाचतो आहोत असं वाटत नाही. फरक एवढाच, की तिकडे दिवसभर पाऊस पडत असेल तर ओली चादर स्वयंपाकघरातच टांगायची, आणि नवरा येऊन जेवायला बसतो तो त्या चादरीखाली. साबणही सप्टेंबर १९५० पर्यंत रेशनवरच होता.

९. घरात चार माणसं दाटीवाटीने राहतात आणि समोरची खोली रिकामी ठेवतात. हे मला पटत नाही.

पटणं अवघडच आहे. पण ती खोली रिकामी नसते, राखून ठेवलेली असते. तिथे चांगल्या खुर्च्या, जमलं तर पियानो, लग्नातला चिनीमातीचा संच. नाताळला, पाद्री किंवा मुलीचा होणारा नवरा आला तर, आणि मयत झाल्यावर शवपेटी ठेवायला ती उघडायची. एरवी तिथे शेगडी पेटवायला कोळसा परवडतही नसे, आणि कोळशाचं रेशनिंग तर १९५८ पर्यंत चाललं. सगळं जगणं मागच्या स्वयंपाकघरात, कारण जाळ तिथे.

१९५१ च्या जनगणनेत एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांच्या घरात पक्कं न्हाणीघर नव्हतं. भिंतीवर खिळ्याला अडकवलेला पत्र्याचा टब शुक्रवारी रात्री शेकोटीपुढे ठेवायचा आणि त्याच पाण्यात एकामागून एक सगळ्यांनी आंघोळ करायची. संडास परसात. हे सगळं असूनही दाराची पायरी मात्र रोज घासलेली. उत्तर इंग्लंडमध्ये ती खास दगडाने घासून तिच्या कडेला पांढरी रेघ काढत. आपल्याकडे सकाळी सडा-रांगोळी झाली नाही की शेजारीण विचारते, ‘काय गं, बरं नाही का?’ पायरीचं तसंच होतं.

१०. लग्न झालेली मुलगी नवऱ्यासह आईकडेच का राहते? तिकडे तर वेगळं राहायची पद्धत ना?

पद्धत होती, घरं नव्हती. बॉम्बहल्ल्यांत लाखो घरं पडली किंवा मोडली, सहा वर्षं नवी जवळजवळ बांधली गेली नाहीत, आणि युद्ध संपताच लग्नांचा आणि बाळांचा पूर आला. नगरपालिकेच्या घरांच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबायचं. १९४६ च्या उन्हाळ्यात तर रिकाम्या लष्करी छावण्यांत कुटुंबंच्या कुटुंबं बिऱ्हाड घेऊन घुसली.

तात्पुरता उपाय म्हणून कारखान्यात तयार करून जागेवर जोडायची ‘प्रीफॅब’ घरं आली, सुमारे १,५६,०००. दहा-पंधरा वर्षं टिकावीत एवढीच अपेक्षा होती. पण आत न्हाणीघर, गरम पाणी, बांधीव ओटा आणि चक्क फ्रिज. ज्या बाईने उभा जन्म परसातला नळ वापरला तिला ते घर कसं वाटलं असेल! कार्डिफजवळच्या सेंट फेगन्सच्या संग्रहालयात असं एक घर उभं आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आवर्जून बघावं आणि स्वयंपाकघरात दोन मिनिटं थांबावं.

११. वडील सैन्यातून परत येतात आणि घरात आनंद सोडून सगळं होतं. असं का लिहितात?

कारण तसंच पुष्कळ घरांत झालं. सैनिकांना घरी सोडणं जून १९४५ मध्ये सुरू झालं, वय आणि नोकरीची वर्षं मोजून क्रमांक लावले होते, त्यामुळे बरेचजण १९४६ मध्ये पोचले. सरकारकडून सूट, टोपी, बूट, रेनकोट मिळे, आणि एकाच कापडाचे सूट घातलेले पुरुष एकाच गल्लीत दिसत. घरात पाच वर्षांचं मूल, ज्याने वडिलांना फक्त फोटोत पाहिलेलं आणि जे आईच्या कुशीत झोपायला सोकावलेलं. बायको इतकी वर्षं कारखान्यात कमावत होती, फ्यूज स्वतः बदलत होती. आता कोणत्या खुर्चीत कोणी बसायचं इथून सुरुवात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४७ साली सुमारे ६०,००० घटस्फोट झाले, तोवरचा सर्वांत मोठा आकडा.

या प्रश्नात महाराष्ट्राचा एक धागा आहे. ‘डूलॅली’ हा शब्द तुम्हाला या पुस्तकांत भेटेल, अर्थ डोकं फिरलेला. तो नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत आणि कंटाळ्याने, उकाड्याने त्यांचं बिनसे. घराला ते ‘ब्लायटी’ म्हणत, तो आपला ‘विलायती’. चहाला ‘चा’ म्हणणारे वडीलही त्यातलेच.

१२. ‘इलेव्हन-प्लस’ म्हणजे आपली अकरावी का?

नाही. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास द्यायची परीक्षा. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत झालं. एप्रिल १९४७ पासून शाळा सोडायचं वय पंधरा झालं. पण या परीक्षेवर मुलांची वाटणी होई: थोडी पुढच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या ‘ग्रामर स्कूल’ला, बाकी बहुतेक साध्या ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेला. ग्रामरला किती जागा हे जिल्ह्यागणिक वेगळं होतं. मुलींसाठी बऱ्याच ठिकाणी कमी.

एका सकाळच्या पेपरवर भावाभावांच्या वाटा वेगळ्या होत. पास झालेल्या पोराचंही सोपं नव्हतं. ठरावीक दुकानातूनच घ्यायचा ब्लेझर, टोपी, खेळाचे कपडे यांची यादी घरी येई. फी नाही, पण यादीचं काय? कपड्यांची कूपनं मार्च १९४९ पर्यंत लागत, म्हणजे ब्लेझरसाठी कोणाचा तरी कोट राहायचा. काही आई-बापांनी मिळालेली जागा नाकारली. या प्रसंगी वडील चिडलेले दाखवले असतील तर त्यांना खलनायक ठरवण्याआधी प्रश्न ६ मधला पगार आठवा. आणि मुलगा पाचवी-सहावीतच घरात वेगळं बोलायला लागतो, आईचे उच्चार त्याला खटकायला लागतात, तिथे मला दरवेळी पुस्तक खाली ठेवावं लागतं.

१३. ५ जुलै १९४८ ही तारीख का येते सारखी?

त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अन्यूरिन बेव्हन हे आरोग्यमंत्री. त्याआधी विम्यात नाव असलेल्या कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना त्यात जागा नव्हती. त्यामुळे आई आजारी असे तरी डॉक्टरकडे जात नसे. सेवा सुरू झाल्यावर बायका वर्षानुवर्षं लपवलेली दुखणी घेऊन आल्या. चष्म्यांना आणि कवळ्यांना तुफान मागणी आली. त्याआधी लोक दुकानातल्या टेबलावरचे तयार चष्मे लावून बघत आणि ज्यातून बरं दिसेल तो घेत.

गोंधळ होतो तो पुढे: १९५१ साली चष्मे आणि कवळ्यांना पैसे लागू झाले, बेव्हन यांनी राजीनामा दिला, आणि १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग पडू लागला. त्यामुळे १९५३ च्या गोष्टीत कोणी शिलिंग शोधत असेल तर ती लेखकाची चूक नाही.

१४. आईच्या हातात स्वतःचे पैसे असे कधी येतच नाहीत का?

येतात. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग कुटुंब भत्ता मिळू लागला. पहिल्या मुलाला नाही. तो वडिलांना द्यावा असा आधी विचार होता, पण एलिनॉर रॅथबोन या खासदारबाईंनी तो आईच्याच हातात पडावा म्हणून शेवटपर्यंत भांडून तसं करून घेतलं. मंगळवारी पोस्टातून पाच शिलिंग आणणाऱ्या बाईची चाल वेगळी असते.

नोकरीचं म्हणाल, तर लग्न झालं की शिक्षिकेला राजीनामा द्यावा लागे, तो नियम १९४४ मध्ये गेला. सरकारी कचेऱ्यांतला १९४६ मध्ये. पण युद्धात उघडलेली पाळणाघरं पुष्कळ ठिकाणी बंद झाली, आणि मुलं असलेली बाई कामाला जाईना.

१५. एवढं दुःख आहे तर ती घटस्फोट का घेत नाही?

कायदा १९३७ चा होता. व्यभिचार, क्रौर्य, तीन वर्षं टाकून जाणं किंवा बरं न होणारं वेड, यांपैकी एक सिद्ध करावं लागे. दोघांनाही नकोय, एवढं कारण चालत नसे. उलट दोघांनी मिळून ठरवलंय असं कोर्टाला कळलं तर अर्ज फेटाळला जाई. म्हणून काही सभ्य नवरे हॉटेलात परक्या बाईबरोबर खोली घेऊन खोटा पुरावा तयार करत. हा कायदा १९७१ पर्यंत टिकला. गर्भपात १९६८ पर्यंत गुन्हा होता, म्हणून न सांगता एखादी मुलगी काही महिन्यांसाठी ‘मावशीकडे’ जाते आणि रिकाम्या हाताने येते. त्या काळचे लेखक हे उघड लिहीत नाहीत. महिने मोजा.

१६. या घरांत सगळे गोरेच कसे? भारतीय कुठे होते?

पुष्कळ लेखकांनी पाहिलंच नाही, हे खरं उत्तर. ‘एम्पायर विंडरश’ जहाजावरून वेस्ट इंडीजची माणसं २२ जून १९४८ ला टिलबरीला उतरली. भारतीय त्याच्या कितीतरी आधीपासून होते. लंडनचं महाराष्ट्र मंडळच १९३२ सालचं. पण घर भाड्याने देताना रंग बघून नाही म्हणणं बेकायदा ठरलं ते १९६८ साली. त्याआधीच्या कादंबरीत ‘खोली आत्ताच गेली’ हे वाक्य आलं की सांगणारं पात्र खरं बोलतंय का ते तपासा.

१७. मराठीत भाषांतर करते आहे. नवरा-बायकोंना ‘तू’ की ‘अहो’?

माझं मत स्पष्ट आहे: ‘तू’. ती एकमेकांना नावाने हाक मारतात, ‘अहो’ घातलं की घर सदाशिव पेठेत येतं. पण शेजारणी वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही एकमेकींना आडनावानेच बोलावतात, तिथे ‘तुम्ही’ हवं. ज्या दिवशी एकजण पहिलं नाव घेते, त्या दिवशी ‘तू’वर या. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्यामुळे लेखकाला जे नावावरून दाखवावं लागलं ते आपल्याला क्रियापदातून दाखवता येतं.

उत्तर इंग्लंडमध्ये घरच्या माणसाच्या नावाआधी ‘अवर’ लावतात, ‘अवर जॅक’. तो जसाच्या तसा ‘आमचा जॅक’ होतो, आपणही तसंच बोलतो. ‘टी’ला मात्र ‘चहा’ करू नका, वाचकाला बशी-बिस्किटं दिसतील. ‘संध्याकाळचं जेवण’ म्हणा. वर्गाचा फरक दाखवायचा असेल तर तो बाकीच्या बोलीत आणा. फक्त कामगारांच्या तोंडी सरसकट वऱ्हाडी किंवा मालवणी घालू नका. त्या बोलींची स्वतःची गावं आहेत.

१८. गोष्ट १९४९ च्या उन्हाळ्यातली आहे आणि मुलं मनसोक्त गोळ्या-चॉकलेटं घेतात. लेखकाने चूक केली ना?

नाही. एप्रिल १९४९ मध्ये गोड खाऊ खुला झाला, दुकानं इतक्या झपाट्याने रिकामी झाली की ऑगस्टमध्ये पुन्हा रेशनवर आला. कायमचा सुटला तो ५ फेब्रुवारी १९५३ ला. अशा फसव्या तारखा आणखी आहेत. पेट्रोल मे १९५० मध्ये खुलं झालं, पण सुएझच्या संकटामुळे डिसेंबर १९५६ पासून काही महिने पुन्हा कूपनं आली. चहा ऑक्टोबर १९५२ मध्ये सुटला, साखर सप्टेंबर १९५३ मध्ये. म्हणजे २ जून १९५३ ला राणीच्या राज्याभिषेकासाठी सगळी गल्ली एका घरातल्या टीव्हीसमोर जमली तेव्हा चहा हवा तितका होता, साखर मोजूनच.

१९. स्कॉटलंडमधल्या गोष्टीला हे सगळं लागू पडतं का?

रेशन आणि पैसे, हो. शाळा आणि कायदे वेगळे. अकराव्या वर्षाची परीक्षा तिथे दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या पद्धतीने, घटस्फोटाचा कायदाही स्वतंत्र. नाताळला वडील कामावर गेलेले दिसले तर दचकू नका, स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पासून, खरा सण नव्या वर्षाचा. ग्लासगोच्या दगडी इमारतींत एका जिन्यावर कितीतरी बिऱ्हाडं, मजल्यावर सामाईक संडास, जिना धुवायच्या पाळ्या. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्याला तळटीप लागणार नाही.

२०. डिसेंबर १९५२ मध्ये आजोबा खोकून वारतात आणि पुस्तक कारणच देत नाही. काय झालं होतं?

लंडनमधली गोष्ट असेल तर ५ ते ९ डिसेंबर या तारखा तपासा. हवा थांबली, धूर आणि धुकं मिसळून शहरावर बसलं. माणसाला स्वतःचे पाय दिसत नव्हते. सॅडलर्स वेल्समधला ऑपेराचा प्रयोग आत शिरलेल्या धुक्यामुळे थांबवावा लागला. त्या वेळी सुमारे ४,००० मृत्यू मोजले गेले, नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२,००० च्या आसपास नेला. मरणारे बहुतेक म्हातारे आणि तान्ही बाळं, घरातल्या घरात, म्हणून शेजाऱ्यांनाही हा मोठा प्रकार आहे हे लगेच कळलं नाही. शवपेट्या आणि फुलं कमी पडली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

यात कोळशाचाही भाग आहे. चांगला कोळसा निर्यातीला आणि कारखान्यांना जाई. घरोघरी वाट्याला येई तो भुकटीचा, जास्त धुराचा. तो स्वस्त कोळसा १ डिसेंबर १९५२ पासून रेशनमुक्त झाला होता. मागची दोन-तीन पानं पुन्हा वाचा. बहुधा कोणीतरी आनंदाने जास्तीचा कोळसा आणलेला असतो आणि आजोबांची खुर्ची शेगडीजवळ ओढलेली असते.